कोपरा फाटलेलं पत्र

बहात्तरचा दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली असतील. मोंबासाहून आम्ही नवराबायको महिन्याच्या रजेवर माझ्या माहेरी आलो, ते हवापालटासाठी. दीडेक वर्षापूर्वी तिथल्या इस्पितळात माझं पहिलं मूल मेलेलंच जन्मलं होतं. तेव्हापासून मला जेवण जात नव्हतं, झोप लागत नव्हती आणि नवऱ्यावर मी येताजाता खेकसत होते. डॉक्टर म्हणाले, हिला हिच्या घरी घेऊन जा. घर म्हणजे घोडनदीच्या काठचं माझ्या आत्याचं तीन खणांचं घर. आई गेल्यावर या विधवा आत्यानंच मला वाढवलं. दोन वर्षं तिच्याकडून पत्र नव्हतं, पण ती निरक्षर, कुणाला तरी गळ घालून लिहवून घ्यायची, म्हणून मी ते मनावर घेतलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मूल गेल्यावर मीही कुणाला एक ओळ लिहिली नव्हती.

दौंडला रेल्वेतून उतरून आम्ही शिरूरची एसटी धरली. नवरा जन्मापासून मोंबासातला, त्याला सगळ्याचंच अप्रूप. "महिनाभर आंबे खायचे, नदीत डुंबायचं आणि बाजेवर लोळायचं," असं तो मला तीनदा सांगून चुकला होता. फाट्यावर उतरलो तेव्हा ऐन दुपार होती. गावात शिरेपर्यंत एक माणूस भेटला नाही, कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

लांबून आलेल्या माणसाला आमच्याकडे उंबऱ्याबाहेर थांबवतात, त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात आणि मग आत घेतात. मी हौसेनं उंबऱ्याबाहेर उभी राहिले. आत्या दारात आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. तिचे हात रिकामे होते.

"दोघंबी आलाय?" ती म्हणाली. "मंग गेलं कोन?"

नवरा हसला. "कुणी नाही गेलं, आत्याबाई. हे काय, दोघंही उभे आहोत की!"

मला हसू आलं नाही. मुलाची गोष्ट इथं कुणालाच ठाऊक नव्हती. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, अशी मी मनाची समजूत घातली आणि ओवाळल्याशिवायच आत गेले.

पुढचे चार दिवस ज्याला सुट्टी म्हणतात ते सगळं होतं. नवरा नदीवर जायचा, येताना कलिंगड आणायचा, लिंबाखाली पसरायचा. आत्या दोन्ही वेळा पोटभर करून घालायची. पण ताट माझ्या हातात द्यायची नाही. जमिनीवर ठेवून हातभर पुढे सरकवायची आणि घास तोंडात जाईपर्यंत बघत बसायची. मी अंगणातून चालत गेले की मागून येऊन धुळीत वाकायची. माझी पावलं उमटलीत का, हे ती पाहत होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मी "आत्ये" अशी हाक मारली की ती ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरी मारली की मगच "काय?" म्हणायची. लहानपणी तिनंच मला शिकवलं होतं, की दिसत नसलेल्या माणसाच्या पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नसते. मेलेल्याला तिसऱ्यांदा हाक मारता येत नाही म्हणतात. लहानपणी ती माझ्या पहिल्या हाकेला धावायची.

चौथ्या दुपारी मला बाजेवर डोळा लागला होता. जाग आली तर आत्या शेजारच्या बाजेवर झोपलेल्या नवऱ्यावर वाकली होती. तळहात तिनं त्याच्या नाकाजवळ धरला होता. मग ती माझ्याकडे वळली. मी डोळे किलकिले ठेवून श्वास रोखला, का ते देव जाणे. तिचा हात माझ्या कपाळाच्या बोटभर वर येऊन थांबला. त्याची ऊब मला लागत होती. पण तो खाली आला नाही.

मी भित्री आहे, पण भीतीपेक्षा माझा राग मोठा. ज्या हातानं मला न्हाऊमाखू घातलं तो हात मला शिवत नव्हता, हे मला सोसवेना. मी ताडकन उठून बसले. "आत्ये, मी मेलेय का?"

तिनं ओ दिली ती पहिल्याच हाकेला. "त्येच तर मला कळंना, बाय," ती म्हणाली. "तू गेलीस का पाव्हणं गेलं, त्येच कळंना."

ती मला गोठ्यात घेऊन गेली. दगडांच्या फटीतून तिनं एक पाकीट काढलं. अक्षर माझं होतं. पाकिटाचा एक कोपरा फाटलेला होता.

कोपरा फाटका म्हणजे मयताचं पत्र. ते उंबऱ्याच्या आत आणत नाहीत, बाहेरच वाचून फाडून टाकतात. आमच्याकडे अक्षरओळख नसलेल्यालाही एवढं वाचता येतं. शाळेतले मास्तर वाचून दाखवायला तयार होते, तिनंच दिलं नाही. "तिकडं माजी दोनच मान्सं. वाचलं आस्तं तर एक नक्की मेलं आस्तं. न्हाई वाचलं, तवर दोघंबी आरदी आरदी जित्ती ऱ्हायली."

तो कोपरा मी फाडला होता. पाकिटावर पत्ता लिहिताना शाई सांडली आणि कोपऱ्याला डाग पडला. तो बरा दिसेना म्हणून मी नखभर तुकडा फाडून टाकला. सहा-सात वर्षं परदेशात काढल्यावर या खुणेचा अर्थ माझ्या डोक्यातून पार गेला होता.

नवरा उठून आला होता. पत्र त्यानंच उघडलं. मी पाचव्या महिन्यात लिहिलेलं होतं ते. मला दिवस गेलेत, ओकाऱ्या थांबल्यात, तू बाळंतविडा कर, असली दोन पानं. दुसरं पान अर्धं वाचून त्यानं घडी घातली. त्या पत्राचा कोपरा मी माझ्या हातानं फाडला होता, हे एकच माझ्या डोक्यात घुमत होतं.

आत्यानं आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. तिला सांगावं लागलं नाही.

"पोरगा व्हता का पोरगी?" तिनं विचारलं.

मला उत्तर माहीत नव्हतं. शुद्धीवर आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही, आणि दीड वर्ष आम्ही एकाच घरात समोरासमोर बसून जेवलो. मी त्याच्याकडे पाहिलं.

"मुलगी," तो म्हणाला. "जावळ खूप होतं. काळंभोर." आणि मोंबासात एकदाही न रडलेला माझा नवरा गव्हाणीला धरून रडायला लागला.

आत्यानं अंगणात चूल मांडली, पाणी तापवलं. एवढ्याशा जिवाचं सुतक धरत नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. "घरचं मानूस गेलंय," ती म्हणाली, "आंगुळी करा." आधी नवऱ्याला घातली. मग मला पाटावर बसवून पहिला तांब्या तिनं स्वतः माझ्या डोक्यावर ओतला, आणि पाणी ओघळून गेल्यावरही हात तिथंच राहू दिला.