तगादाताई

आमच्या त्रैमासिकाचं नाव लांबलचक होतं. वेदना, भूल, शस्त्रक्रिया आणि असाध्य आजारात करायचे उपचार, एवढं सगळं त्यात कोंबलेलं. कचेरी मात्र इस्पितळाच्या धोबीखान्यावरच्या दोन खोल्यांची. खालून सतत उकळलेल्या चादरींचा वास येई. आतल्या खोलीत संपादक, म्हणजे निवृत्त झालेले एक भूलतज्ज्ञ, आणि बाहेरच्या खोलीत मी मुद्रितं तपासायला. माझ्यासमोर फोन घेऊन बसायच्या त्या आमच्या तगादाताई.

नाव अर्थातच आम्ही पाडलेलं. आलेला प्रत्येक लेख छापण्याआधी दोन जाणकार डॉक्टरांकडे मतासाठी जायचा, आणि हे जाणकार त्यावर अंडी उबवत बसायचे. त्यांच्याकडून मत काढून आणणं हे ताईंचं काम. आवाज असा लावत, जणू रुसलेल्या जावयाची समजूत घालताहेत. "गुडघा कसा आहे आता? मुलीची परीक्षा झाली? बरं झालं. मग लेखावरचं मत शुक्रवारी येतंय ना?" पलीकडचा मोठा सर्जन असो की प्राध्यापक, शुक्रवारी मत हजर.

एकच गृहस्थ त्यांना पुरून उरले होते. वेदनातज्ज्ञ म्हणून नाव मोठं, पण प्रत्येक फोनला उत्तर एकच : "उद्या नक्की!" ताई त्यांना उद्या-डॉक्टर म्हणत. घरी जाऊन आईलाही त्यांचे किस्से सांगत.

घरात त्या आणि आई, दोघीच. आईचा जन्म शिवणकामात गेलेला. कॉलर कशी बसली आहे यावरून त्या माणसाची पारख करत. त्यांच्या छातीतली गाठ काढून बरीच वर्षं झाली होती, पण आता दुखणं पाठीच्या मणक्यांत उतरलं होतं. शस्त्रक्रियेत अर्थ नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि दुखण्यासाठी मॉर्फिन सुचवलं. मायलेकींनी ऐकलं आणि चिठ्ठी घडी घालून ठेवून दिली. मॉर्फिन म्हणजे शेवट, माणूस भ्रमिष्ट होतो, अशी दोघींची खात्री. आई दात आवळून पडून राहत आणि कुणी विचारलंच तर "जरा लचकलंय" म्हणत.

कचेरीत ताईंनी यातला चकार शब्द काढला नव्हता. एका दुपारी मी मान वर करून बघतो तर त्या टपालात टाकायचा लेख वाचत बसलेल्या. ओळीखाली बोट, ओठ हलताहेत. इतक्या वर्षांत त्यांना लेख वाचताना मी पाहिलं नव्हतं.

"यात लिहिलंय, मॉर्फिन नीट मोजून दिलं तर माणूस शुद्धीत राहतो, बोलतो, जेवतो," त्या म्हणाल्या. "आपण छापतो ते खरं असतं का हो?"

मी गडबडलो. मी काना-मात्रा बघणारा माणूस. "खरं की खोटं ते ठरवणारे तर तुमच्या फोनवर असतात," मी म्हणालो. "त्यांनाच विचारा."

त्यांनी उद्या-डॉक्टरांचा नंबर फिरवला. पलीकडून आवाज आला. दुसऱ्यासाठी कुणाच्याही मानगुटीवर बसणाऱ्या या बाईला स्वतःसाठी काही मागता येत नव्हतं. शेवटी कसंबसं म्हणाल्या, "लेखाचं नाही... आईचं काम आहे." मग सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "उद्या येतो."

ताईंनी फोन ठेवला आणि त्या इतक्या हसल्या, की त्यांना डोळे पुसावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंच्या दाराची घंटा वाजली तेव्हा त्या अंघोळीला गेलेल्या. दार आईजवळ बसलेल्या शेजारणीनं उघडलं. डॉक्टर सरळ आत जाऊन आईच्या पलंगाच्या कडेवर बसले.

"तुम्हीच का ते उद्या-डॉक्टर?" आईंनी विचारलं.

"हो, मीच. कुठं दुखतंय?"

"छे, कुठं काय? जरा लचकलंय."

"आजी, मला थाप मारून उपयोग नाही. मी तुमच्या लेकीला इतकी वर्षं थापा मारतोय, थाप मला लगेच ओळखू येते."

आईंना हसू आलं. हसताना पाठीतून अशी कळ गेली, की डॉक्टरांचा हात त्यांनी घट्ट धरला. "इथं," त्या म्हणाल्या. "आणि खाली, मांडीपर्यंत."

औषध अगदी थोडं सुरू झालं, सोबत पोट साफ राहायचं औषध. पहिले काही दिवस आई नुसत्या पेंगत होत्या आणि ताईंचा जीव टांगणीला लागला. त्यांनी डॉक्टरांना सारखे फोन केले. डॉक्टरांनी प्रत्येक फोन घेतला, अधूनमधून येऊन मात्रा बदलली. मग एका सकाळी आई उशांना टेकून बसल्या आणि लेकीला म्हणाल्या, "तो भला माणूस आहे गं, पण शर्टाचं बटण लोंबतंय. पुढच्या वेळी सुई-दोरा हाताशी ठेव."

पुढच्या भेटीत त्यांनी ते बटण खरंच लावलं, डॉक्टरांना शर्टासकट समोर बसवून.

आई बऱ्या होणार नव्हत्याच. पण थंडी सरेपर्यंत त्या होत्या, आणि बहुतेक दिवस गप्पा मारत, शेजारच्या पोरींना बटणांची काजं करायला शिकवत, लेकीवर खेकसत होत्या. गेल्या त्या दुपारच्या झोपेतच. ताई जवळच होत्या.

पुन्हा कामावर आल्या त्या दिवशी ताईंनी एका तरुण सर्जनला फोन लावला. मत थकलेलं होतं. मी ऐकत होतो. गुडघ्याची, मुलीची चौकशी झाली नाही. ताई नुसत्या "हं... हं..." करत राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "जेवलात का आज? आधी दोन घास खाऊन घ्या." आणि त्यांनी फोन ठेवला.

आतून संपादक ओरडले, "अहो, त्या लेखाचं काय झालं?"

"राहू दे सध्या," ताई म्हणाल्या. "त्यांचे वडील गेलेत." आणि पदरानं चष्मा पुसून त्यांनी पुढचा नंबर फिरवला.