शेवटच्या सोव्हिएत नेत्याला घेऊन मुरब्याला

बोईसर स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या बॅगेत दोन साड्या, आतेभावासाठी बाकरवडी आणि सोव्हिएत संघाचा शेवटचा नेता होता. नेता अर्थातच लॅपटॉपमध्ये होता. पुण्यातल्या दोन तरुण मुलांनी त्याच्यावर तासाभराचा माहितीपट केला आहे आणि त्याचं मराठी निवेदन मी लिहिलं आहे. जन्मभर रशियन शिकवल्याचं हे उशिरा आलेलं फळ. ध्वनिमुद्रण चार दिवसांवर आलं होतं. पोरं म्हणत होती, "मॅडम, झकास झालंय, आता हात लावू नका." पण मला ते आधी एका बाईला ऐकवायचं होतं आणि ती ऐकेल की दारातूनच परत पाठवेल, याचा काही भरवसा नव्हता.

ती म्हणजे प्रमिला. पुण्याच्या वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. मुरब्यासारख्या मासेमारीच्या गावातून येऊन रशियन शिकणारी ही मुलगी माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होती. तिला मॉस्कोत पुढे शिकायला शिष्यवृत्ती मिळाली, गरम कोट शिवून झाला आणि तिने जायच्या आधी तो देशच उरला नाही. प्रवेश रद्द झाल्याचं पत्र ज्या दिवशी आलं, त्याच संध्याकाळी मी वसतिगृहात सगळ्यांसमोर त्या नेत्याचा गौरव करणारा लेख वाचला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी प्रमिला ट्रंक घेऊन गावी गेली ती गेलीच. मी नंतर तीन पत्रं पाठवली. त्यांत हवापाणी होतं, परीक्षेचे निकाल होते. जे लिहायला हवं होतं तेवढं नव्हतं. उत्तर आलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पहिला मुक्काम तारापूरच्या वसाहतीत, आतेभाऊ बंडूदादाकडे. दादा अणुवीज केंद्रातून निवृत्त झाला, तरी त्याची शिस्त काही निवृत्त झालेली नाही. चहा सहाला म्हणजे सहालाच. संध्याकाळी तो मला समुद्रावर घेऊन गेला. जानेवारीतली हवा, ओहोटीमुळे दूर गेलेलं पाणी, काठाने सरळ उभ्या असलेल्या केंद्राच्या इमारती आणि त्यांच्या अलीकडे निवांत चरणाऱ्या म्हशी. मी कशासाठी आले ते दादाला सांगितलं.

"त्याच्या देशात अणुभट्टीचा अपघात झाला ना," तो म्हणाला, "तेव्हा तुझ्या वहिनीने मला एकच विचारलं होतं. इथे काही झालं तर तुम्ही मला लगेच सांगाल ना? भट्टी कशी चालते, काय फुटतं, काही नाही. सांगाल ना, एवढंच."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, सांगेन. अजून विचारते अधूनमधून. आता निवृत्त झालो तरी!" दादा हसला. "बरं, तुझ्या निवेदनात शेवटी तो चांगला ठरतो की वाईट?"

मी म्हटलं, चांगला. हे सांगताना माझा आवाज थोडा चढला, हे माझ्याच लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी बोईसरहून मुरब्याला रिक्षा केली. रिक्षावाला उत्तरेकडचा होता. मांडीवर लॅपटॉप घट्ट धरून बसलेली बाई पाहून त्याने आरशातून विचारलं, "मैडम, उधर कोई शूटिंग है क्या?" शूटिंग नाही, एक जुनी मैत्रीण आहे, असं मी म्हटलं. "तो इतना डर काहे को रही हैं?" तो म्हणाला. परक्या माणसाला जे दिसलं ते लपवण्यात अर्थ नव्हता. कारखाने मागे पडले, भातखाचरं आणि ताडाची झाडं लागली, आणि मग वास आला. मुरबं आलं हे डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं.

आणि तिथे माझी फजिती झाली. मी कॅलेंडर बघून रविवार निवडला होता, कारण रविवारी माणसं घरी असतात. हे पुण्याचं शहाणपण. मुरब्याला वाराचं कोणी विचारत नाही. तिथे उधाण (पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची जोराची भरती) असलं की सगळं गाव कामाला जुंपलेलं असतं, आणि भांग (अष्टमीच्या आसपासचं मंद पाणी) असला की उसंत. मी ऐन उधाणात टपकले होते. होड्या नुकत्याच लागल्या होत्या. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन जवळजवळ पळत होत्या, आणि त्यांच्या वाटेत मी माझी बॅग घेऊन उभी.

"ओ बाय, बाजूला व्हा! अंगावर पानी पडंल!"

आवाज ऐकला आणि मागे वळायच्या आधीच ओळखला. प्रमिला. केस पांढरे झालेले, साडी वर खोचलेली, टोपलीतून बोंबलांचं पाणी खांद्यावर ठिबकत होतं. तिने मला पाहिलं, नीट पाहिलं, आणि न थांबता पुढे गेली. दहा पावलांवर जाऊन ती मागे न बघताच ओरडली, "सुले, उबी काय ऱ्हायलीस? पदर खोच!"

तीस-बत्तीस वर्षांनी मला 'सुले' म्हणणारं कोणीतरी भेटलं.

तिच्या अंगणापुढे बांबू रोवून आडवे दोर ताणले होते. बोंबील वाळत घालायची पद्धत अशी: एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. गाठ नाही, काही नाही. माझ्या हातून पहिल्या पाच जोड्या वाळूत पडल्या. प्रमिलाची धाकटी जाऊ नलू मला पाहून इतकी हसली की तिच्या हातातलीही सुटली.

मी भीत भीत निवेदनाचं सांगितलं. काम संपल्यावर ऐकशील का, म्हटलं.

"काम काय संपतं?" प्रमिला म्हणाली. "आमी रिकाम्या हातानं काय ऐकत नाय. लाव."

मग उपड्या टोपलीवर लॅपटॉप ठेवला, उन्हामुळे वर गोणपाट धरलं, आणि मी उभ्याने निवेदन वाचायला लागले. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, उन्हाळ्यात कापणीच्या यंत्रावर राबणारा. पुढे देशाचा प्रमुख. रस्त्यात उतरून लोकांशी बोलणारा. त्याने वर्तमानपत्रांची तोंडं उघडली, कैदेतली माणसं सोडली, परक्या देशातून सैन्य घरी आणलं.

"मानूस बरा दिसतो," नलू म्हणाली. "बायकोचं ऐकतो काय?"

"फार ऐकायचा."

"मंग बराच हाय."

प्रमिलाचे हात चालू होते. मग पडद्यावर दुकानासमोरची रांग आली. डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी कॅमेऱ्याकडे बघून रशियनमध्ये काहीतरी म्हणाली. माझं मराठी वाक्य यायच्या आधीच प्रमिलाचे हात थांबले.

"काय बोलली ती?" नलूने विचारलं.

"बोलली, मोकळं बोलाया मिळालं, पन ऐकाया कोन हाय," प्रमिला म्हणाली. इतक्या वर्षांनी, बोंबील हातात धरून. माझ्या वाक्यापेक्षा तिचं कितीतरी चांगलं होतं.

मी शेवटापर्यंत वाचलं. टीव्हीवर कागद वाचून तो पायउतार होतो, बाहेरच्या जगात त्याचा मान होतो, त्याच्याच देशातली माणसं त्याला शिव्या घालतात, बायको वारते, म्हातारपण एकट्याने निघतं. शेवटचं वाक्य होतं की त्याने कोट्यवधींना मोकळं केलं. वाचून झालं.

"खोटं नाय लिवलंस," प्रमिला म्हणाली. "पन अर्दं लिवलंस."

मी लॅपटॉप मिटून बॅगेत ठेवला.

"आमचा बाबा तांडेल (होडीचा प्रमुख) होता, तुला ठाव हाय. एकदा वादलात त्यानं मासळीनं भरलेलं जालं कापलं. सगल्यांच्या भागाचं जालं. कापलं नसतं तर होडी गेली असती, मानसं गेली असती. कापलं ते बरोबरच केलं. पन किनाऱ्याला लागल्यावर आपल्या घरी नाय आला. ओल्या कपड्यानं पयला भागीदारांच्या दारी गेला. चारी घरांत उबा ऱ्हाऊन बोलला, मी कापलं. एकानं पानी दिलं, एकानं शिवी दिली. मंग घरी येऊन जेवला. आमच्यात असंच हाय. कापनाऱ्याला दारी यावं लागतं."

ती नेत्याबद्दल बोलत होती आणि माझ्याबद्दलही. हे कळायला तर्क लढवावा लागला नाही.

"प्रमे," मी म्हटलं, "तुझं मॉस्कोचं पत्र आलंय हे मला त्या दिवशी दुपारीच कळलं होतं. मी तुझ्या उशीखाली ते बघितलं होतं. तरीही तो लेख वाचला. टाळ्या मिळणार होत्या म्हणून. ते तुला सांगायला आलेय."

माझ्या हाताला बोंबलांचा चिकटपणा होता, डोळेसुद्धा पुसता येईनात.

"मला ठाव होतं," ती म्हणाली. "उशी सरकलेली होती." मग टोपली पायाने बाजूला सारून नलूला म्हणाली, "हिला पानी दे. आनि भात टाक."

इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. ओल्या बोंबलांचं आंबट-तिखट कालवण, तांदळाची भाकरी आणि भात. मी तीनदा वाढून घेतलं. शिरगावचा किल्ला पाहायचा बेत होता, तो राहिला, आणि त्याची चुटपुटही लागली नाही. भरती चढल्यावर प्रमिलाने मला खाडीवर सोडलं. होडीने पलीकडे सातपाटी, तिथून पालघर, तिथून घर. होडीत चढताना माझा तोल गेला आणि एक चप्पल खाडीत गेली. एका पायात चप्पल घालून मी पालघर स्टेशनपर्यंत आले, हसत.

पुण्याला पोचल्यावर रात्र काढली आणि सकाळी शेवट पुन्हा लिहायला बसले. कोट्यवधींचं वाक्य तसंच ठेवलं. ते खरंच आहे. त्यापुढे एक वाक्य घातलं. मग ते पोरांना दाखवायच्या आधी प्रमिलाला फोन केला आणि वाचून दाखवलं: "त्याच हिवाळ्यात, तिथून हजारो मैलांवर, समुद्रकाठच्या एका गावातल्या एका मुलीचं शिक्षण थांबलं, आणि हे तिला येऊन कोणीच सांगितलं नाही."

पलीकडे टोपली आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं, चुकलं. पुन्हा चुकलं.

"एक गाव, एक मुलगी, काय लावलंयस?" ती म्हणाली. "नाव हाय ना मला? ते घाल."