आरशावरचा पहिलवान

समुद्रपूरच्या मोटार अड्ड्यामागे गुलाबचं हजामतीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खुर्ची, एक बाक आणि एक आरसा. आरशात भला माणूसही चोरासारखा दिसायचा, पण गिऱ्हाइकं कुरकुर करत नसत, कारण त्या आरशावर एक कोळी राहत होता.

हरभऱ्याच्या डाळीएवढा जीव, समोर दोन टपोरे डोळे. जाळं विणण्याची भानगड नाही. दबा धरायचा आणि माशीवर उडी घालायची. आरशात स्वतःचं रूप दिसलं की पुढचे दोन पाय उगारून तो लढायला उभा राही. गुलाबने त्याचं नाव पहिलवान ठेवलं होतं. "मीच तालीम देल्ली त्याले," असं तो खुशाल सांगे. तिसऱ्या वर्षी कोळ्याचा रंग बदललेला दिसला, तेव्हा गुलाब म्हणाला, "मी त्याची हजामत केली." लोक दाढी वाढायच्या आत येऊन बसू लागले.

मग एका बाजाराच्या दिवशी हनुवटीवर फोड आलेला एक गाडीवान दाढी करून गेला. अशा चेहऱ्यानंतर वस्तरा उकळायचा, हा गुलाबच्या बापाचा नेम. पण बाक भरलेला होता. गुलाबने वस्तरा धोतराला पुसला. पुढचा गाल वासुदेवराव मास्तरांचा होता.

चौथ्या दिवशी मास्तर सुजलेला गाल घेऊन आले. "गुलाब, हे काय झालं रे?"

गुलाबला कळलं होतं. पण त्याची जीभ वस्तऱ्याहून चपळ. "कोळी फिरला असंन, मास्तर."

अंगावर पुरळ उठलं की कोळी फिरला, हे तिथं लहान पोरालाही ठाऊक. मास्तरांनी मान डोलावली. पण बाकावरचा रामाजी म्हणाला, "फिरला असंन काय? हा काय, इथंच बसून राह्यला."

सगळे आरशाकडे वळले. "हाच का रे?" मास्तरांनी विचारलं.

खरं सांगायला तेवढाच वेळ होता. वस्तऱ्याचं नाव गेलं तर न्हाव्याकडे उरतं काय? गुलाब म्हणाला, "असंन."

मास्तरांनी चप्पल काढली. पहिलवान पळाला नाही. त्याने चपलेसमोरही दोन पाय उगारले.

त्या रात्री घरी गुलाबचं ताट तसंच राहिलं. बायकोने, अन्नपूर्णेने, खोदून विचारलं, तेव्हा गुलाबने सांगून टाकलं.

"बरं केलं," ती म्हणाली. "आता पुढच्या फोडाले पाल मारजा, मंग बकरी. गावात तुमचा वस्तरा तेवढा बिनपापी राहीन." आणि तिने चुलीवर पाणी चढवलं. "आना तो इकडं."

त्यानंतर आठ दिवस मास्तर, कोळी फिरल्यावर लावतात तसा, गालाला गेरू फासून शाळेत जात होते आणि पोरं पाठीमागून खिदळत होती. मास्तर दिसले की गुलाब दुकानात पाठमोरा होऊन पट्ट्यावर वस्तरा घासू लागे. तेवढ्या दिवसांत वस्तऱ्याला आयुष्यभराची धार आली असेल.

त्यानंतरच्या बाजारी बाक गच्च भरला होता. मास्तर स्वतःहून खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि मान मागे टाकून म्हणाले, "चालव. आता भीती नाही."

त्या उघड्या गळ्याकडे पाहून गुलाबचा हात थांबला. साबण अर्ध्या गालावर तसाच.

"मास्तर, कोळी नव्हता. माहा वस्तरा होता. उकळला नव्हता मी."

मास्तरांनी डोळे उघडले.

"मग मला चप्पल काऊन उचलू दिलीस?" शुद्ध बोलणाऱ्या मास्तरांच्या तोंडून त्या दिवशी 'का'च्या जागी 'काऊन' निघालं.

गुलाबने वस्तरा खाली केला.

"मारला तर मीच," मास्तर हळूच म्हणाले. ते उठले मात्र नाहीत.

गुलाब वस्तरा घेऊन बाहेर गेला. सकाळीच उकळलेला तो वस्तरा त्याने पुन्हा पाण्यात टाकला आणि शेगडी फुंकत बसला. आत मास्तरांच्या गालावर साबण वाळत होता, आणि भरलेला बाक वाट पाहत होता.