पायरीवरचं हसू

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही मला ‘ब्लाइद’ या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारलात. आनंदी, मनावर कसलंही ओझं नसलेला, असं मी सांगितलं. जुन्या कवितांत तो पाखरांना लावत. आता फारसा कोणी वापरत नाही. फोन ठेवल्यावर मात्र मला एक बोरं विकणारी बाई आठवली, म्हणून हे लिहिते.

पन्नासच्या दशकात, वर्ध्याला शाळेत असताना मी हा शब्द शिकले आणि मनातल्या मनात तिलाच लावला. संध्याकाळी जवळच्या आपल्या गावी, सिंदी मेघेला परतताना ती आमच्या पायरीवर टेकायची, पदराने तोंड पुसायची आणि आईशी बोलता बोलता खदखदून हसायची.

एकदा आई म्हणाली, “तुयं बरं हाय वं, सदा हसत राह्यतं.”

“घरी बुढा खाटेवर हाय, बाई. खोकल्यातून रगत पडते. मी घरात शिरली का पयले माह्यं तोंड पाह्यते. म्हणून इथं हसून पाह्यतो, जमते का.” तिने टोपली उचलली, परत खाली ठेवली. “आज नाई जमून राह्यलं.”

“मंग बस जराशी,” आई म्हणाली आणि स्वतःही तिच्याजवळ बसली.

बोरांचा हंगाम सरताना एका संध्याकाळी ती न टेकताच पुढे निघाली. आईने हाक मारली.

“आता कोनाले दाखवू, बाई?” एवढंच बोलून ती गेली.

तिचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. आमचं ते घर आता दुसऱ्यांचं आहे. पायरी मात्र अजून तीच आहे.