अकरा नंबरची पोटरी

सहभागी क्रमांक अकरा. पुरुष. वय एकावन्न. उंची मध्यम, वजन मध्यम, मत विचारलेले नाही. व्यवसाय: बैठा. नियमित व्यायाम: निरंक. पूर्वेतिहास: निरंक. डाव्या पोटरीतून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढण्यास हरकत: निरंक.

हा अर्ज भरला तेव्हा अकरा नंबर आपल्या दुकानात विजारीला दुमड घालत होता. तो शिंपी. अर्ज भरणारी त्याची सख्खी भाची, प्रयोगशाळेत संशोधक. सलग तीन महिने चालण्याचा व्यायाम केला की माणसाच्या स्नायूत काय बदलतं, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी उभ्या जन्मात व्यायाम न केलेली अकरा माणसं हवी होती. दहा चटकन मिळाली. आळशी माणसांना तोटा नसतो. पण पोटरी कापू देणारा अकरावा आळशी मिळेना.

"मामा, काम बसूनच करतोस ना?"

"बसून, पण पाय—"

"पाय सगळ्यांनाच असतात. बैठा. कर सही."

मामाने सही केली. भाची चुकीचं कशाला लिहील? शिवाय त्याचा स्वार्थही होता. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आणि तेवढीच वर्षं मामी सांगत आली होती, "बसून बसून तुमचे पाय गंजलेत." भाचीने शब्द दिला होता, की तुझ्या पोटरीचे आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो प्रयोगशाळेच्या भिंतीवर लागतील. मामीला हाताला धरून तिथं न्यायचं आणि फोटोकडे नुसतं बोट दाखवायचं, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा होती.

तुकडा काढताना भाचीने समजावलं, "स्नायू म्हणजे धाग्यांची जुडी. प्रत्येक धाग्याभोवती एक पातळ वेष्टण असतं, जुडीभोवती आणखी एक. धागा जोर लावतो, पण तो जोर हाडापर्यंत पोचवतं हे वेष्टण. व्यायामाने ते बदलतं का, ते बघायचंय."

"म्हणजे अस्तर," मामा म्हणाला. "कोट कापडामुळे दिसतो, टिकतो अस्तरामुळे."

भाची हसली आणि तिने ते वहीत लिहून घेतलं. मामाला वाटलं, आपण विज्ञानात भर घातली.

मग तीन महिने, आठवड्यातून चार दिवस, मामा प्रयोगशाळेतल्या फिरत्या पट्ट्यावर पाऊण तास चालला. चालून कुठंही पोचत नाही, हे त्याला विचित्र वाटे. पण त्याने एकदाही दांडी मारली नाही. बाकीचे दहा जण पहिल्या आठवड्यात लंगडत होते. मामा घाम पुसून परत दुकानात जाई आणि मशीनवर बसे. शेवटी पोटरीतून दुसरा तुकडा निघाला, आणि पंधरा दिवसांनी बोलावणं आलं.

खोलीत प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या. भाची काचपट्ट्या पुसत होती. त्या स्वच्छच होत्या.

"दहा जणांची वेष्टणं तीन महिन्यांत बदलली," बाई म्हणाल्या. "तुमचं आधीपासूनच इतकं जाड आणि घट्ट, की नंतर बदलायला काही उरलंच नाही. पळायचात का पूर्वी? डोंगर चढायचात?"

"नाही बाई. मी विजारी शिवतो."

"कसल्या मशीनवर?"

"पायमशीन. चौतीस वर्षं झाली."

"दिवसभर पायडल मारता?"

"हाताने मारलं तर शिवणार कशाने?"

बाईंना हसू आलं नाही. त्या भाचीकडे वळल्या. "तुला हे माहीत होतं?"

मामा निश्चिंत होता. ही पोर लहानपणी त्याच पायडलवर बसायची. मामा शिवायचा आणि ती वरखाली झोके घ्यायची. थांबला की भोकाड पसरायची. तिला माहीत नसेल तर कुणाला?

भाचीने काचपट्टी उजेडात धरली. "नाही मॅडम. यांनी सांगितलं नाही." मग मामाकडे वळून, पण त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघत, "तुम्ही सांगायला हवं होतं."

जन्मात पहिल्यांदा ती त्याला 'तुम्ही' म्हणाली. मामाने तोंड उघडलं. खरं बोललं तर पोरीची नोकरी जाणार, हे त्याला दिसलं. आणि म्हणून आपण खरं बोलणार नाही, हेही तिने आधीच हिशेबात धरलंय, हे लगेच पाठोपाठ दिसलं. दुसरं जास्त लागलं.

"विसरलो," तो म्हणाला.

घरी मामीने विचारलं, "काय निघालं मग पायात?"

"काही नाही."

"मी म्हणतच होते."

आठवड्याने पत्र आलं. 'सहभागी क्रमांक अकरा यांनी आपली नियमित शारीरिक हालचाल हेतुपुरस्सर दडवल्याचे निष्पन्न झाल्याने त्यांची नोंद अभ्यासातून वगळण्यात येत आहे. त्यांच्या सहकार्याबद्दल आभार.' खाली भाचीची सही होती, ठसठशीत, वळणदार.

प्रयोगशाळेत ती जो पांढरा कोट घालते, तो मामाने त्याच मशीनवर शिवला होता. आणि शिवून होईपर्यंत ती समोर स्टुलावर बसून "मामा, जरा भरभर पाय मार ना," म्हणत होती.