गाण्याचं मूळगाव

आमच्या मूळगावदादांना गाणं ऐकवायचं म्हणजे आधी परीक्षा द्यावी लागायची. तुम्ही हौसेने कॅसेट पुढे करा, ते ती टेपमध्ये घालणार, प्लेच्या बटणावर बोट ठेवणार आणि बोट तसंच ठेवून विचारणार, "ह्याचं मूळगाव कुठलं?" गाण्याचं हं, तुमचं नव्हे. कुणी केलं, कुठे बसून केलं, मध्येच ते ढोलासारखं वाजतंय ते कुणाच्या हातचं. उत्तर आलं नाही की बोट उचललं आणि कॅसेट परत. "बेवारस माल आपण उतरवून घेत नाही," म्हणायचे. मुलीला स्थळ बघताना लोक करत नाहीत इतकी चौकशी! त्यांचं खरं नाव गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण मूळगावदादाच म्हणायचे सगळे.

दिवसा ते नाशकातल्या सातपूरच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारी तपासायचे आणि संध्याकाळी भद्रकालीतलं आपलं दुकान उघडायचे. दुकान कसलं, बोळकांडी ती. 'स्पीकरचे कोन बदलून मिळतील' अशी पाटी. स्पीकरच्या तोंडाशी जो कागदी कोन असतो ना, तो गणपतीत आणि लग्नसराईत आवाज सोसून सोसून फाटतो. असे फाटके स्पीकर दादांकडे यायचे. नवा कोन चिकटवून वाळला की तपासायला ते एखादं गाणं लावायचे, आणि ते गाणं तुम्ही जन्मात ऐकलेलं नसायचं.

मी नामपूरची. कॉलेजसाठी नाशकात मावशीकडे राहायचे. मावशीच्या टेपचा स्पीकर फुटला म्हणून त्या बोळकांडीत शिरले, ती पुढची कित्येक वर्षं बाहेर पडलेच नाही म्हणा. त्या दिवशी दादांनी लावलं ते लंडनमधल्या दोन भावांनी घरच्या माळ्यावर बसून केलेलं होतं. वर सारंगी आणि खाली असा बेस, की बाकड्यावरचे स्क्रू चालायला लागले. कांद्याने भरलेला ट्रक सुरू असताना त्याला टेकून उभं राहिलं की बरगड्यांत जसं घुमतं, तसं मला झालं. मी म्हटलं, "अगं बाई, हे काय आहे?" दादा म्हणाले, "काय आहे ते मागून विचार. कुणाचं आहे ते आधी विचार." तेव्हापासून मला ते 'नामपूर' म्हणूनच हाक मारू लागले. माणसांनासुद्धा ते गावावरूनच ओळखायचे.

हे असलं संगीत तेव्हा दुकानात विकत मिळत नव्हतं. कुठल्या कुठल्या देशांतली पोरं घरच्या घरी कॉम्प्युटरवर करायची. वर त्यांच्या गावचं वाद्य, खाली पोट हलवणारा बेस. मोठ्या कंपन्या त्यांना विचारत नसत. दादांना ते कुणाच्या बोटीवरच्या पुतण्याकडून, कुणाच्या दुबईच्या मेव्हण्याकडून मिळायचं. मग ते कॅसेट भरून आम्हाला द्यायचे आणि आतल्या कार्डावर मुंगीच्या अक्षरात प्रत्येकाचं नाव आणि गाव लिहायचे. सुट्टीत मी एक कॅसेट नामपूरला नेऊन लावली. आई चुलीपुढून उठून आली. "हाई गानं शे का विहीरनी मोटार बिघडनी?" हे दादांना सांगितलं तर इतके हसले, की डोळे पुसावे लागले. म्हणाले, "आईला कान आहे. तो बेस मोटारीचाच भरलेला आहे."

दादांचा एक कायदा होता: कॅसेटवरून कॅसेट खुशाल भरा, वाटेल त्याला द्या, पण कार्ड उतरवून घ्या. आमचा फिरोज, ज्याच्या वडिलांचा नाशकातल्याच द्वारका चौकाजवळ मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा होता, तो एकदा कंटाळला आणि एका कॅसेटवर नुसतं 'मस्त बेस' लिहून मोकळा झाला. दादांनी ती कॅसेट दोन बोटांत धरली. मेलेला उंदीर धरावा तशी. फिरोज म्हणाला, "दादा, वो लोकगीत है, पारंपरिक. किसका नाम लिखूं?" झालं! मी दादांना आवाज चढवताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "पारंपरिक म्हणजे बेवारस का रे? कुणीतरी बसून पहिल्यांदा वाजवलं असेलच ना ते? त्याला आईबाप असतील, घर असेल. ज्यांना नाव लिहायचं जिवावर येतं ना, ते पारंपरिक लिहितात." बिचाऱ्या फिरोजला पुढचा सगळा उन्हाळा एकही कॅसेट मिळाली नाही.

मग सायबर कॅफे आले, आणि दादांना पंखच फुटले. एकेक गाणं उतरायला चहाचे कितीतरी कप जायचे, पण ते बसून राहायचे. गाणं आवडलं की करणाऱ्याला मोडक्या इंग्रजीत लिहायचे, आणि गंमत म्हणजे ते लोक उत्तर द्यायचे. पेरूमधला एक, मालीमधला एक, पोर्तुगालमधली एक बाई. ते सीडी पाठवायचे, दादा उलट टपाली चिवडा आणि मनुका पाठवायचे. पोर्तुगालच्या बाईंना चिवडा कशाशी खातात ते कळेना, त्यांनी तो सूपमध्ये घातला. दुकानात परगावचं पाकीट आलं की दादा आमची वाट बघत थांबायचे, एकट्याने कधी फोडायचे नाहीत. मला वडील लवकर गेलेले. खरं सांगते, त्या बोळकांडीत मला घरच्यासारखं वाटायचं.

आपणही असं काही करावं, ही कल्पना माझी. पेठकडच्या डोंगरातली पावरी मी एकदा जत्रेत ऐकली होती. लांब, वाकडी, तोंडाने फुंकायची; तिचा सूर पोटातूनच निघतो. विचारत विचारत आम्ही पेठच्या पुढे करंजपाड्याला सोनू भिवा भोये यांच्या दारात पोचलो. म्हातारबाबांनी आधी आम्हाला भाकरी खायला लावली, मग ओसरीत बसून वाजवलं. फिरोज माईक पुढे धरून बसला होता. वाजवून झाल्यावर बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "न्या. कुठं बी वाजवा. पन आधी माझे बापाचा नाव सांगजा. चाल त्याची हाय, मी नुसता फुकतो." मी म्हटलं, "सांगू बाबा. तुमचंही सांगू, वडिलांचंही सांगू." दादा मागून म्हणाले, "नाव नाही तर गाणं नाही." बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बापाच्या अजून पुष्कळ चाली आहेत, म्हणाले. भात झोडून झालं की या, सगळ्या भरून घ्या.

दादांनी त्या पावरीखाली जो बेस घातला, त्याला तोड नाही. आजही म्हणेन, नाही. पावरीला धक्का न लावता, तिच्या पायाखाली जमीन अंथरावी तसा तो बेस होता. फिरोजच्या गोदामात दुपारी मोठे स्पीकर मांडून आम्ही तो मित्रमंडळींना ऐकवला. माईकवर आधी मी नावं सांगितली. भिवाबाबांचं, सोनूबाबांचं, करंजपाड्याचं, मग दादांचं. पत्रे हादरले, कबुतरं उडाली. दादा कोपऱ्यात उभे राहून स्पीकरच्या कोनावर तळहात धरून होते.

काही महिन्यांनी फिरोजचा फोन आला, "नामपूर, पळत ये! आपलं गाणं आलंय!" मी खरंच पळत गेले. परदेशातल्या एका छोट्या कंपनीने जगभरचा असा बेस गोळा करून इंटरनेटवर आणला होता, त्यात आमची पावरी! दादांनी ती कधी पाठवली, आम्हाला पत्ता नव्हता. सायबर कॅफेत मी टाळ्या वाजवल्या, लोक बघायला लागले. मग आम्ही खाली नावं वाचली. संगीत : दादांचं नाव, ठळक. पावरी : पारंपरिक. बस. मी पान खालीवर करून बघितलं. भिवा नाही, सोनू नाही, करंजपाडा नाही. फिरोज मला म्हणाला, "मेरी तो पूरी गर्मी ले ली थी ना इन्होंने?"

मी तशीच दुकानात गेले. दादा कोन चिकटवत होते.

"दादा, पारंपरिक?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "बस. चहा सांगतो."

"सोनूबाबांचं नाव कुठे आहे?"

"अगं, त्या लोकांचे नियम असतात. नाव घातलं की सही लागते, चाल वडिलांची म्हटलं की वारस लागतो. नाना भानगडी. पारंपरिक लिहिलं की कुणी काही विचारत नाही."

"पेठ काय अमेरिकेत आहे? सकाळच्या एसटीने जाऊन मी अंगठा आणला असता!"

"त्यांना घाई होती."

"त्यांना होती की तुम्हाला?"

दादांनी ब्रश खाली ठेवला. "नामपूर, जन्मभर मी दुसऱ्यांची नावं लिहीत आलो. मुंगीच्या अक्षरात. एकदा माझं आलं तर बिघडलं कुठे?"

"तुमचं यायलाच हवं होतं. बेस तुमचाच आहे. पण त्यांचं पुसून कशाला?"

"तुला नाही कळायचं ते," असं म्हणून त्यांनी ब्रश पुन्हा उचलला. परदेशातून आलेलं पाकीट मागच्या फळीवर होतं. फोडलेलं.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी चार शिव्या हासडल्या असत्या आणि विसरले असते. पण ज्याने मला गाण्याकडे माणूस म्हणून बघायला शिकवलं, त्यानेच माझा घात केला. आणि शब्द कुणी दिला होता? मी. डोक्यावर हात माझ्या ठेवला होता. तो विचार आला की अजून वाईटही वाटतं आणि रागही येतो, दोन्ही एकदम. त्या दुकानाची पायरी मी पुन्हा चढले नाही.

भात झोडून झाल्यावर फिरोजच्या टेम्पोतून आम्ही करंजपाड्याला गेलो. बाबा ओसरीतच होते. त्यांनी पहिलं हेच विचारलं, "सांगला का नाव?" मी म्हटलं, "मी सांगितलं बाबा, गोदामात, सगळ्यांपुढे. पण परदेशात गाणं गेलं तिथे तुमचं नाव नाही लिहिलं त्यांनी. वडिलांचंही नाही."

"मंग कोनाचा लिव्हला?"

"पारंपरिक असं लिहिलंय."

बाबांनी अगदी सरळपणे विचारलं, "तो कोन? कुठला गावचा?"

फिरोज उठून टेम्पोकडे गेला. बाबांनी आम्हाला भाकरी वाढली, पाणी दिलं, कशात उणं पडू दिलं नाही. पण मी माईकची पिशवी जवळ ओढली तेव्हा त्यांनी पावरी भिंतीवरून काढलीच नाही. "आता नको पोरी," एवढंच म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. भिवाबाबांच्या बाकीच्या चाली त्यांच्याबरोबरच गेल्या. त्या कशा होत्या, ते आता कुणालाच कळणार नाही.

दादा पुढे नाशिक सोडून गोव्याकडे गेले. ऐकते, तिथे त्यांना मान आहे. पोरं त्यांच्या पाया पडतात म्हणे, पडोत. मी आता शाळेत शिकवते आणि रविवारी दुपारी फिरोजच्या गोदामात, येईल त्याला असलं संगीत ऐकवते. कुणी पोरगं पेनड्राइव्ह पुढे करतं, आणि माझं बोट बटणावर थांबतं. "ह्याचं मूळगाव कुठलं?" शब्द माझ्या तोंडून निघतात, आवाज मात्र त्यांचा असतो. चीड येते स्वतःची, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

आमची पावरी मी दरवेळी लावते. आधी माईकवर भिवा भोये, मग सोनू भोये, मग करंजपाडा, तालुका पेठ. आणि खालचा बेस ज्याचा, त्याचंही नाव घेते, आडनावासकट, स्पष्ट. घ्यावंच लागतं, त्यांनीच शिकवलंय. पण तो झाला गोदामातला कायदा. हे लिखाण माझं आहे. यात भिवाबाबांचं, सोनूबाबांचं, फिरोजचं नाव मी लिहिलं आहे, दादांचं तेवढं कुठेच आलेलं नाही, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. हे वाचून कुणी तुम्हाला विचारलं, की इतका जीव लावणारा आणि इतकं दुखावणारा हा माणूस होता तरी कोण, तर सांगा : पारंपरिक.