एन्नोरच्या दगडावरचा माणूस

ताज्या रंगाचा वास आला, की मला चेन्नईतलं ते फोटोंचं प्रदर्शन आठवतं. वीसेक वर्षं झाली असतील. नुकत्याच रंगवलेल्या त्या गार हॉलमध्ये शेजारीण मला हौसेनं घेऊन गेली होती. शहराजवळच्या एन्नोरच्या किनाऱ्याचे फोटो होते. वीजकेंद्रांच्या राखेनं माखलेल्या होड्या, धुराडी आणि एका फोटोत दगडावर बसलेला माझा नवरा, कंपनीच्या शर्टात, भर दुपारच्या उन्हात. त्या वेळी तर तो गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात असायला हवा होता. "हे रोज येतात तिथे," फोटो काढणारी मुलगी तमिळमध्ये म्हणाली. "कुणाबरोबर?" मी विचारलं. तिनं हसून विषय बदलला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. संध्याकाळी तो नेहमीसारखा आला, जेवताना कारखान्यातल्या गमती सांगू लागला. त्याचा शब्द न् शब्द मी पारखत होते. शेवटी विचारलंच, "एन्नोरला कोण आहे तुझं?" त्याचा घास हातातच राहिला. "कुणी नाही गं. कारखाना बंद पडून दोन महिने झाले. तुला सांगायचा धीर होत नव्हता." ते ऐकून मला आधी हायसं वाटलं, आणि मग त्याचा चेहरा दिसला. त्या हायसं वाटण्याची लाज मला आजही वाटते.